मक्याच्या पावाचं भांडं

१

उल्का भागवतच्या घरातून कुणाचं भांडं कधी रिकामं परत गेलं नव्हतं. फ्रीमाँटला पंधरा वर्षं काढली तरी नाही. शेजारची चिनी बाई वाडग्यात काही देऊन गेली की त्याच वाडग्यात चकल्या जायच्या. समोरच्या जॉनने एकदा कागदी पिशवीतून सफरचंदं दिली, तर बाईसाहेबांनी त्या पिशवीत शंकरपाळे भरून पिशवी परत केली. जॉन बिचारा शंकरपाळ्यांपेक्षा पिशवी परत आली म्हणूनच चक्रावला. श्रीराम चेष्टा करायचा की पार्सलवाल्यालाही ही एक दिवस खोका भरून परत देईल. भांडं रिकामं द्यायचं नसतं म्हणजे नसतं, का ते विचारायचं नाही, असं तिचं एकच उत्तर.

तशी ती अंधश्रद्धाळू वगैरे अजिबात नव्हती. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि तीच चूक दोनदा झाल्याशिवाय बोभाटा करायचा नाही, ही तिची रीत. एकदा झालं तर योगायोग, दोनदा झालं तर बग.

पण एप्रिलमध्ये श्रीरामला ऑफिसच्या पार्किंगमध्ये छातीत कळ आली, दोन स्टेंट बसले आणि उल्काची झोप उडाली ती उडालीच. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी! श्वास सोडताना त्याच्या घशातून बारीक टक् असा आवाज यायचा. वीस वर्षं त्या आवाजाने तिचं डोकं उठवलं होतं. आता तो टक् ऐकू आला नाही तर ती ताडकन उठून बसायची आणि त्याच्या छातीवर हात ठेवायची. रोज सकाळी दंडाला मशीन लावून त्याचं बीपी वहीत लिहायची. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत जाणार, ही एकच भीती तिच्या पोटात सहा महिने मुक्काम ठोकून होती.

त्यात त्याने टूम काढली आरव्हीची. चालतंफिरतं घर भाड्याने घ्यायचं, दहा दिवस, नेवाडा आणि यूटा. डॉक्टर म्हणाले, जरूर जा. उल्का नाही म्हणणार होती, पण नाही म्हणावं आणि मग काही व्हावं, मग ते जन्मभर खात बसेल, म्हणून हो म्हणाली. ऑक्टोबर २००६. अठ्ठावीस फुटी गाडी, आत ओटा, बेड, मुंगीच्या बाथरूमएवढं बाथरूम. तिने लाडू, चिवडा, पिठं, कुकर असा सगळा संसार आत भरला. छातीत कळ आली तर जिभेखाली धरायच्या गोळ्यांची, सॉर्बिट्रेटची पट्टी त्याच्या शर्टाच्या खिशात स्वतःच्या हाताने ठेवली.

२

पहिला मुक्काम फॅलनच्या पुढे, हायवे फिफ्टीला लागून. वाळवंटातलं कॅम्पग्राउंड, वीस-बावीस जागा, आणि हंगाम संपत आल्यामुळे बहुतेक रिकाम्या. शेजारच्या जागेवर एक जुना ट्रेलर होता, मळकट क्रीम रंगाचा, खिडक्यांना पडदे. गाडीला जोडून ओढत न्यायची खोली असते ना, तसला.

सकाळी चहा टाकून तिने दार उघडलं तर पायरीवर एनॅमलचं पांढरं भांडं. वर चौकड्याचं फडकं. आत गरम मक्याचा पाव, चौकोनी तुकडे करून ठेवलेला. वासच असा होता की श्रीराम आंघोळ सोडून बाहेर आला. ट्रेलरकडे बघून त्याने उगाच हात हलवला, पण पडदे काही हलले नाहीत.

पावात अंडं असणार म्हणून उल्काने घेतला नाही. श्रीरामलाही नको म्हणाली, त्यातलं लोणी त्याला कुठे चालतं! तो म्हणाला, लाडू संपल्यावर बघू. तिने तुकडे एका ताटलीत काढले, भांडं घासलं, पुसलं आणि त्यात आठ बेसनाचे लाडू रचले. फडकंही धुवायला हवं होतं, पण वाळायला वेळ नव्हता.

"देऊन ये जा," ती म्हणाली. "आणि नुसतं ठेवून येऊ नकोस, दोन शब्द बोल."

तो राखाडी स्वेटर अडकवून, भांडं घेऊन गेला. ट्रेलरचं जाळीचं दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज तिला आला. मग ती कुकर घासत बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. बोलका आहेच मेला, कुणी भेटलं की जन्मपत्रिका मांडून बसतो, असं म्हणत तिने अंथरुणं आवरली.

तो परत आला तो शीळ घालत. कोण आहेत म्हणून विचारलं तर म्हणाला, एक नवराबायको आहेत, चांगले आहेत. याउपर काही नाही. मग ताटलीतला पाव त्याने सगळा संपवला. उल्काने केलेल्या पोह्यांना हात लावला नाही. ती रागावली. तो नुसता हसला.

निघताना तिच्या एक गोष्ट लक्षात आली. ट्रेलरपुढे ओढणारी गाडी नव्हती. गेली असेल कुठे सामानाला, असं तिनेच स्वतःला सांगितलं.

३

दिवसभरात दोनशे मैल झाले. हायवे फिफ्टीवर रस्ता असा सरळ की पुढच्या डोंगरापर्यंत पट्टी ठेवून आखावा. उल्का आरशात बघत बसली होती. मागून तीन ट्रक आले, एक मोटरसायकल आली. बस्स.

आणि इलीच्या अलीकडे दुसऱ्या मुक्कामाला वळले तर शेजारच्या जागेवर तोच ट्रेलर. तेच पडदे.

तिने श्रीरामचा दंड धरला. तो म्हणाला, "अगं, सगळे हाच लूप करतात यार. आपण जेवायला थांबलो तेव्हा पुढे गेले असतील."

खरं होतं, पाऊण तास थांबले होते ते. मान्य. पण ओढणारी गाडी? पुन्हा गेली सामानाला? या माणसांना रोज सामान लागतं तरी किती! तिच्यातली टेस्टर जागी झाली, पण एकदा झालं तर योगायोग, म्हणून तिने तोंड मिटलं.

दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन होतं. पाच-पाच गॅलनचे पाण्याचे दोन कॅन श्रीरामने दोन हातात उचलून टेकाडावरून आणले. धाप नाही, घाम नाही. एप्रिलपासून जिन्याच्या मध्यावर थांबणारा माणूस! उल्काला आनंद व्हायला हवा होता. झालाही, अर्धा मिनिट.

पायरीवर भांडं आलेलं होतंच. गरम पाव. त्याने उभ्यानेच खाल्ला. तिने मेथीचे पराठे केले होते, त्याच्या वाटचे चार तसेच उरले. आता भांडं रिकामं कसं द्यायचं? तिने तेच चार पराठे फॉइलमध्ये गुंडाळून, वर लोणच्याची फोड ठेवून भांड्यात घातले. या वेळी ती स्वतः गेली. जाळीच्या दारावर टकटक केलं. आत अंधार होता. कुणी आलं नाही, पण आतून कुणीतरी खोकलं, दोनदा, पुरुषी खोकला. भांडं पायरीवर ठेवून ती जवळजवळ पळतच परत आली.

फडकं द्यायचं राहिलं म्हणून दोन मिनिटांत पुन्हा बाहेर पडली तर ट्रेलर नव्हता. कुठे इंजिनचा आवाज नाही, धूळ नाही. शेजारच्या जागेवर नुसती खडी.

श्रीराम खुर्ची टाकून बसला होता. गेले वाटतं, म्हणाला.

त्या रात्री ती पडून राहिली आणि टक् ची वाट बघत राहिली. तो आला नाही. तिने उठून त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती खालीवर होत होती, अगदी शांत. स्टेंटनंतर माणसं घोरायची थांबतात का? थांबत असतील. डॉक्टरना विचारू. फोनला रेंज नव्हती.

४

सकाळी तिने हट्टच धरला. लूप नको, पार्क नको, गर्दी नको, भलतीकडे जाऊ. श्रीराम आढेवेढे न घेता हो म्हणाला, तेही तिला आवडलं नाही. नकाशावर असलेला प्रत्येक फाटा वाचून दाखवणारा माणूस तो, रस्ता बदलायचा म्हटलं की निदान तासभर वाद घालायचा.

दक्षिणेकडे एक कच्चा रस्ता धरला. बावीस मैल खडी, मग सुकलेल्या तळ्याचं मैदान, पांढरं, सपाट, चारही बाजूंनी क्षितिजापर्यंत मोकळं. तिने उतरून गोल फिरून पाहिलं. एक झुडूप म्हणून नाही. कुणी यायचं झालं तर अर्धा तास आधी धूळ दिसली असती. किती दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

दुपारचा एक वाजला होता. पिठलं-भात झाला होता. ती आंघोळीला गेली, दहा मिनिटं, पाणी जपून वापरायचं म्हणून दहाच. केस पुसत बाहेर आली तर ओट्यावरच्या खिडकीत क्रीम रंग.

ट्रेलर वीस पावलांवर उभा होता. पांढऱ्या मातीवर चाकाची एकही रेघ नव्हती. त्यांच्या आरव्हीच्या रेघा होत्या, खोल, दोन, लांबपर्यंत गेलेल्या. त्याच्या नव्हत्या. आरव्हीच्या पायरीवर श्रीराम बसला होता, मांडीवर एनॅमलचं भांडं, तोंडात पाव.

"हा कधी आला?" तिने विचारलं.

"कोण?"

"ट्रेलर, श्रीराम. हा ट्रेलर."

त्याने वळून पाहिलं, जसं कुणी आपल्याच अंगणातल्या झाडाकडे बघेल तसं. "तो तर होताच की," तो म्हणाला.

तिला ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी तिने रोजचं काम केलं. माणूस घाबरला की रोजचंच काम धरतो. तिने बीपीचं मशीन काढलं, दोन दिवस राहूनच गेलं होतं म्हणाली, आणि त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. त्याने निमूट हात पुढे केला. पट्टा फुगला, फुसफुसत उतरला. पडद्यावर आकडे आले नाहीत. एरर. पट्टा सैल असेल म्हणून पुन्हा आवळला. एरर. तिने बॅटऱ्या बदलल्या. एरर. मग तिने पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. एकशे बावन्न, शहाण्णव, नाडी एकशे अठरा. मशीन झक्क चालत होतं. पुन्हा त्याला लावला. एरर.

"खराब झालं असेल," तो हसून म्हणाला. "मला काय धाड भरलीय? मी मस्त आहे."

त्याच्या मनगटावर तिची बोटं होती. तिने तिथे नाडी शोधली. अंगठ्याच्या खाली, मग जरा आत, मग दुसऱ्या हाताची. कातडं कोमट होतं. त्याच्याखाली काहीही नव्हतं. सहा महिने तिने त्या जागी बोट ठेवून ठोके मोजले होते, झोपेतसुद्धा तिला ती जागा सापडली असती. समोर बसलेल्या माणसाने तिच्याकडे बघून प्रेमाने मान तिरकी केली. उल्काने बोटं काढून घेतली.

५

ती मूर्ख नव्हती. गाडीची किल्ली त्याच्या खिशात. रस्ता बावीस मैल. फोनला रेंज नाही. अठ्ठावीस फुटी धूड तिने आयुष्यात चालवलं नव्हतं. आणि श्रीराम, तिचा श्रीराम, कुठे होता? हा प्रश्न डोक्यात आला आणि तिने तो दोन्ही हातांनी मागे ढकलला.

तिला आठवलं ते मावशीचं वाक्य. एखाद्या घराशी जाणंयेणं तोडायचं असेल तर भांडण करू नये, त्यांचं भांडं रिकामं परत पाठवावं. शहाण्याला समजतं. आजवर उल्काने ते कुणाशी केलं नव्हतं. पण हे जे काय चाललं होतं ते त्या भांड्यापासून चालू झालं होतं, आणि दर वेळी ते भरून परत देणारी तीच होती. तीच लाड करत होती! तीच म्हणत होती, या, आणखी या.

तिने भांडं घासलं. राखेने घासल्यासारखं घासलं, पुसून कोरडं केलं. श्रीरामच्या वाटचं पिठलं कढईत तसंच होतं, भात तसाच होता, हात सवयीने डावाकडे गेलासुद्धा. तिने तो मागे घेतला. आता बास. रिकामं भांडं घेऊन ती उन्हात उतरली.

"देऊन येतेस का?" तो पायरीवरून सरकत म्हणाला. "ये. मग निघू."

वीस पावलं. पांढऱ्या जमिनीवरून ऊन उलटं तोंडावर येत होतं. भांडं पायरीवर आपटायचं आणि फिरायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. ती वाकली. आणि जाळीच्या आतून आवाज आला.

टक्.

ती वाकलेलीच राहिली. श्वास आत गेल्याचा घोगरा आवाज. मग पुन्हा, बारीक, घशातून.

टक्.

उल्काने दार ओढलं आणि ती आत शिरली.

६

आत गारवा होता आणि कोंदट वास. डोळ्यांना आधी काही दिसेना. मग छोटं टेबल दिसलं. टेबलावर तिचं फॉइल होतं, चाटूनपुसून, नीट घडी करून ठेवलेलं. लोणच्याच्या फोडीची साल. लाडवाचा चुरासुद्धा बोटाने टिपून घेतलेला दिसत होता.

शेवटाला अरुंद बेड. त्यावर राखाडी स्वेटरमध्ये श्रीराम पडला होता. दाढीचे खुंट वाढलेले, ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. एक हात छातीवर. दुसऱ्या हातात सॉर्बिट्रेटची पट्टी, तिच्यात एकच गोळी उरलेली.

"आलीस," तो म्हणाला. "मला वाटलं, आता येत नाहीस."

ती गुडघ्यांवर बसली. त्याचं मनगट तिने धरलं आणि नाडी तिच्या बोटाला लागली, वेडीवाकडी, दमलेली, पण लागली. तिला रडूच फुटलं. ती नुसती त्याचं नाव घेत राहिली.

तो हळूहळू बोलला. लाडू द्यायला आत आला तेव्हा इथे कुणीच नव्हतं. दार मिटलं ते पुन्हा उघडलंच नाही. जाळीतून त्याला ती दिसत होती, कुकर घासताना, अंथरुणं झटकताना. त्याने खूप हाका मारल्या. काल ती अगदी दाराशी आली तेव्हा घसा इतका सुकला होता की नुसता खोकलाच आला. मग ती पळाली.

"पण तू पाठवलेलं आपोआप टेबलावर यायचं हं," तो म्हणाला, जसा काही तोच तिला धीर देत होता. "पराठे छान होते. अर्धा अर्धा करून खाल्ले. दुसरं काही नाहीच गं इथे. आज काय आणलंस?"

उल्काने भांडं मागे लपवलं. वीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्यापासून काही लपवलं नव्हतं. त्याने ते पाहिलं.

दार अजून उघडं होतं. तिचा हात सुटला तेव्हापासून ते स्प्रिंगवर इंचाइंचाने मिटत होतं, आणि फटीतून वीस पावलांवरची आरव्ही दिसत होती. आत कढई होती. पिठलं होतं, भात होता, चाळीस गॅलन पाणी होतं. धावत गेली असती तर एक मिनिट लागलं असतं. पण काल दोन मिनिटांत परत वळली तेव्हा इथे नुसती खडी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. त्याला उठवून न्यावं म्हणून तिने त्याच्या काखेत हात घातला. तो अर्धा उठला, पांढराफटक पडला आणि पुन्हा आडवा झाला.

"उल्का!" बाहेरून हाक आली. श्रीरामच्याच आवाजात, मोकळी, निरोगी. "निघायचं ना? उशीर होतोय."

बेडवरच्या श्रीरामने तिचं मनगट घट्ट धरलं. त्यात जोर असा काही नव्हताच, मनात आणलं असतं तर तिला सहज सोडवता आलं असतं.

"तू हो पुढे," ती ओरडली. स्वतःचाच आवाज तिला कुणा दुसऱ्या बाईचा वाटला.

बाहेरचा बरं म्हणाला. दार मिटलं, आणि ते मिटल्याचा आवाज जाळीच्या दारासारखा हलका नव्हता.

आरव्ही सुरू झाली. बेडवरचा श्रीराम कोपरावर उठून पडदा बाजूला करून बघत होता. धुळीतून गाडी हळूच वळली आणि खिडकीच्या अगदी समोरून गेली.

"उल्का," तो म्हणाला, "पुढच्या सीटवर ती कोण गं?"

तिनेही पाहिलं. जांभळा स्वेटर, ओले, मोकळे केस. बाई मान खाली घालून पट्टा लावत होती. उल्काने स्वतःच्या अंगातल्या जांभळ्या बाहीकडे पाहिलं. तिच्या केसांतून पाणी अजून मानेवर ओघळत होतं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "तू आडवा हो पाहू."

तो आडवा झाला. तिने पडदा ओढून घेतला आणि त्याच्या छातीवर हात ठेवला. ठोके हाताला लागत होते. गाडीचा आवाज लांब लांब जात होता, आणि इथे पाणी कुठे आहे, हे तिने त्याला अजून विचारलं नव्हतं.